पाच मशीन, २१६० फ्रेम: नेटवर्कवर रेंडर लावण्याच्या नोंदी

४ नोव्हेंबर

काम असं आहे: नऊ शॉट, मिळून ९० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने २१६० फ्रेम. धूर, उडणारी धूळ, कोसळणारी भिंत, आणि एका शॉटमध्ये वाऱ्यावर फडफडणारं मोठं कापड. थ्रीडी सगळं ब्लेंडर या प्रोग्रॅममध्ये, त्यातल्या सायकल्स या रेंडर इंजिनवर. रेंडर म्हणजे थ्रीडी दृश्यावरून तयार चित्र मोजून काढणं. कंपोझिटिंग, म्हणजे थ्रीडी आणि मूळ फुटेजचे थर एकत्र जोडणं, आफ्टर इफेक्ट्समध्ये, ते माझा सहकारी बघतो. द्यायची तारीख २० नोव्हेंबर.

आज मुख्य मशीनवर प्रत्येक शॉटमधल्या तीन फ्रेम काढून बघितल्या: पहिली, मधली आणि जिथे धूर सगळ्यात दाट आहे ती. फ्रेमला सरासरी १४ मिनिटं लागली. म्हणजे ५०४ तास, बरोबर २१ दिवस. हातात आहेत १६, आणि त्यात कंपोझिटिंगही बसवायचंय.

घरात आणि सहकाऱ्याकडे मिळून आणखी चार मशीन निघाली. तीच चाचणी सगळ्यांवर लावली:

एक नंबर: मुख्य मशीन, १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, विंडोज. १४ मिनिटं.
दोन नंबर: ८ जीबीचं कार्ड, लिनक्स. १९ मिनिटं.
तीन आणि चार नंबर: एकसारखी जुनी डेस्कटॉप, ६ जीबीची कार्डं, विंडोज. ३१ मिनिटं प्रत्येकी.
पाच नंबर: लॅपटॉप, ६ जीबी, विंडोज. २६ मिनिटं.

पाचही मिळून तासाला साडेतेरा फ्रेमच्या थोडं वर जातात. कागदावर १५९ तास, म्हणजे सात दिवसांच्या आत. सहावं एक मशीन आहे, त्यात कार्डच नाही. त्यात ५०० जीबीची डिस्क आहे, तेव्हा फाइली त्यावर ठेवायच्या आणि बाकीच्यांनी तिथून उचलायच्या, असं ठरलं. पुढच्या नोंदींत त्याला साठवण मशीन म्हणते.

फ्रेम ईएक्सआर या चित्रफाइलच्या प्रकारातच काढायच्या, सुट्या सुट्या. एकच व्हिडिओ फाइल पाच मशीननी मिळून लिहिता येत नाही, आणि व्हिडिओ मधेच तुटला तर सगळाच जातो. सुट्या फ्रेममध्ये २१२ नंबरची बिघडली तर २१२ पुन्हा काढायची, बस. कॉम्प्रेशन झिप ठेवलंय. डीडब्ल्यूएए या लॉसी, म्हणजे थोडी माहिती गाळणाऱ्या, कॉम्प्रेशनने फाइल पुष्कळ लहान होते, पण आम्हाला क्रिप्टोमॅट, म्हणजे एकेक वस्तू वेगळी निवडायला मास्क देणारे थर, हवं आहे. त्या थरांतले आकडे म्हणजे वस्तूंची ओळख असते, रंग नव्हे. लॉसी कॉम्प्रेशनने ते जरासे जरी हलले तरी मास्क फुटतो. त्याच कारणाने फाइल ३२ बिटची. फ्रेमला साधारण ७० एमबी, म्हणजे अखेरीस १५० जीबी. जागा पुरेल असं आज तरी वाटतंय.

५ नोव्हेंबर

दिवस केबलमध्ये गेला.

साठवण मशीनवरून टेक्स्चरचं, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायच्या चित्रांचं, १२ जीबीचं फोल्डर तीन नंबरवर कॉपी करून बघितलं. १८ मिनिटं लागली, वेग सेकंदाला ११ एमबी. स्विच गिगाबिटचा, सगळ्या मशीनची नेटवर्क कार्डं गिगाबिटची, म्हणजे ११० च्या आसपास मिळायला हवं. आधी डिस्कवर संशय घेतला, दुसरी डिस्क लावली, तासभर चाचण्या केल्या. मग साठवण मशीनच्या शेअरिंगच्या सेटिंगमध्ये शिरले, तिथे दोन तास. कशानेच काही हललं नाही.

खरं तर ११ हा आकडाच उत्तर सांगत होता. १०० मेगाबिट भागिले ८ म्हणजे साडेबारा, त्यातून नेटवर्कच्या व्यवहाराचा भार वजा केला की ११ उरतात. म्हणजे जोडणी १०० मेगाबिटवर बसली होती. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटचं दोन जोड्यांवर भागतं. एखादी तार तुटली की दोन्ही टोकं मुकाट्याने खालच्या वेगावर येतात आणि कुठेही चूक दाखवत नाहीत. साठवण मशीनची केबल बदलली, तेच फोल्डर दोन मिनिटांच्या आत आलं.

ज्यांना हे करायचंय त्यांनी पहिल्याच दिवशी प्रत्येक मशीनच्या नेटवर्कच्या स्थितीत जोडणीचा वेग वाचावा. मी आज संध्याकाळी सगळ्यांचा वाचला, तर चार नंबरचाही १००च निघाला. लॅपटॉप वायफायवर होता, त्यालाही केबल लावली.

साठवण मशीनचा नेटवर्क पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून टाकला. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर पत्ता बदलला असता तर पाचही मशीन एकदम आंधळी झाली असती.

६ नोव्हेंबर

दोन नंबरवरून आलेली पहिली फ्रेम: भिंत भडक गुलाबी. ब्लेंडरला टेक्स्चर सापडलं नाही की तो हा रंग भरतो. घाबरवणारी गोष्ट रंगाची नाही. रेंडर व्यवस्थित संपला, फाइल लिहिली गेली, ब्लेंडरच्या लेखी काम यशस्वी. माणसाने डोळ्यांनी बघितलं नसतं तर कोणीच हरकत घेतली नसती.

कारणं दोन निघाली. काही टेक्स्चरचे मार्ग माझ्या मशीनच्या डिस्कचे, पूर्ण लिहिलेले होते. ते ब्लेंडरमधल्या 'मेक पाथ्स रिलेटिव्ह'ने एका फटक्यात सुटले, अट एवढीच की सगळं सामान प्रोजेक्टच्या फोल्डरच्या आत हवं. प्रकाशासाठी वापरलेल्या एचडीआरआय चित्राची फाइल माझ्या डाउनलोडच्या फोल्डरात पडलेली होती, तीही आत आणली.

तरी गुलाबी. दुसरं कारण शोधायला जास्त वेळ गेला. फाइलच्या नावात पहिलं अक्षर मोठं होतं, प्रोजेक्टमध्ये तेच लहान. विंडोजला दोन्ही सारखीच, म्हणून चार मशीनवर काही कळलं नाही. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. मी सगळ्या फाइलींची नावं लहान अक्षरांत केली आणि प्रोजेक्टमधले दुवे एक एक करून पुन्हा जोडले. ४७ टेक्स्चर, अडीच तास.

७ नोव्हेंबर

रात्री ८ वाजता पहिला खरा रेंडर लावला. सूत्रधार प्रोग्रॅम न वापरता जुनी साधी पद्धत: आउटपुटमध्ये 'ओव्हरराइट' बंद, 'प्लेसहोल्डर्स' चालू, आणि पाचही मशीनवर तीच फाइल कमांड लाइनवरून सुरू करायची. मशीन एखादी फ्रेम हातात घेतं तेव्हा त्या नावाची रिकामी फाइल ठेवतं, दुसरं ती बघून पुढच्या फ्रेमवर जातं. जागा अडवायला रुमाल टाकून ठेवावा तसंच.

कमांड लाइनवरून चालवताना एक सांभाळा: ब्लेंडर कमांडमधले शब्द डावीकडून उजवीकडे, क्रमाने अमलात आणतो. सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम 'रेंडर कर' या सूचनेच्या आधी लिहायची. मी शेवटी लिहिली होती. त्याने ती पाळलीच नाही, फाइलमधली जुनी रेंज घेऊन चालू लागला. दहा मिनिटांत लक्षात आलं.

८ नोव्हेंबर

बारा तासांत १६२ फ्रेम यायला हव्या होत्या, आल्या १४३. लॉग उघडून मशीनप्रमाणे मोजलं. एक, दोन आणि पाच नंबरचा हिशेब बरोबर. तीन आणि चार नंबरने प्रत्येकी २३ फ्रेम केल्या, आणि त्यातल्या १९ एकच होत्या. दोघांनी रात्रभर तेच काम दोनदा केलं.

का, ते असं. विंडोज हे शेअरवरच्या (नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायच्या) फोल्डरची यादी १० सेकंद स्वतःजवळ धरून ठेवतं, दर वेळी सर्व्हरला विचारत नाही. चार नंबरने रुमाल टाकला तरी तीन नंबरला तो काही सेकंद दिसत नाही. वेगवेगळ्या वेगाच्या मशीनना याचा त्रास नाही, त्यांची फ्रेम एकाच क्षणी संपत नाही. ही दोन जुळी आहेत. एकाच वेळी सुरू झाली, एकाच वेळी फ्रेम संपवली, आणि त्या १० सेकंदांच्या आतच दोघांनी पुढची तीच उचलली. एकदा जोडी जमली की सुटायला कारणच नाही. १९ फ्रेम गुणिले ३१ मिनिटं, जवळजवळ १० तास वाया.

रजिस्ट्रीमध्ये तो काळ शून्य करता येतो. पण मला प्रत्येक मशीनची अशी शस्त्रक्रिया नको होती. कोणती फ्रेम कोणाला द्यायची हे एकाच जागी ठरलं तर हा प्रश्नच राहत नाही. म्हणून फ्लेमेन्को बसवलं. ते ब्लेंडरवाल्यांचंच, मोफत, मुक्त सॉफ्टवेअर. साठवण मशीनवर काम वाटणारा मॅनेजर, बाकी पाचांवर काम करणारा वर्कर, आणि ब्राउझरमध्ये सगळी स्थिती दिसते. एकाच शेअरला विंडोजवर काय म्हणायचं आणि लिनक्सवर काय, हे त्यात एकदा लिहून ठेवता येतं, त्यामुळे दोन नंबरचा मार्गांचा घोळ कायमचा मिटला.

बसवायला तास लागला, चालू करायला चार. तीन नंबरवर वर्कर विंडोजची सर्व्हिस म्हणून लावला होता, मशीन सुरू झालं की आपोआप सुरू व्हावा म्हणून. त्याला शेअर सापडेना. मी मशीनसमोर बसून ड्राइव्ह उघडते तर उघडतो, वर्कर म्हणतो असा ड्राइव्हच नाही. दोघंही खरं सांगत होतो. जोडलेलं ड्राइव्हचं अक्षर हे लॉगिन केलेल्या माणसापुरतं असतं, सर्व्हिस वेगळ्या खात्यावर चालते आणि तिला ते दिसत नाही. सर्व्हिसचा नाद सोडला. मशीन आपोआप लॉगिन होईल आणि लॉगिननंतर वर्कर सुरू होईल, असं केलं.

एका मशीनला एका वेळी किती फ्रेम द्यायच्या, यावर बराच विचार केला. आमची फाइल उघडून टेक्स्चर चढवायला ३ मिनिटं लागतात. फ्रेम एकेक दिली तर ही ३ मिनिटं २१६० वेळा, म्हणजे १०८ तास नुसते फाइल उघडण्यात. सहा-सहाचा गठ्ठा केला की १८ तास. याहून मोठा गठ्ठा नको, कारण शॉट संपत आला असताना तीन नंबरने सहा फ्रेम उचलल्या तर तीन तास बाकीचे नुसते बसून राहतात. शेवटच्या वीसेक फ्रेमचा वेगळा जॉब करून तिथे एकेकच द्यायची, असं ठरवलं.

९ नोव्हेंबर

आजवरच्या कामातली सगळ्यात जिव्हारी लागलेली चूक.

दोन रात्रींच्या फ्रेम सलग चालवून बघितल्या. कापडाच्या शॉटमध्ये कापडाची कड लुकलुकते. काही फ्रेम तेजस्वी, मग काही मंद, मग पुन्हा तेजस्वी. एकेक फ्रेम बघितली तर प्रत्येक चांगली. पहिला संशय नॉइजवर, म्हणजे चित्रातल्या दाणेदारपणावर गेला, सॅम्पल (पिक्सेलमागे सोडायच्या किरणांची संख्या) वाढवून एक फ्रेम पुन्हा काढली, फरक नाही.

नशिबाने मेटाडेटामध्ये मशीनचं नाव लिहिण्याची खूण मी चालू ठेवली होती. वेगळ्या दिसणाऱ्या फ्रेमची यादी केली आणि मशीनचं नाव वाचलं: तीन, चार, चार, तीन, चार. मग दोन मिनिटांत उलगडलं. प्रोजेक्ट ३.६ मध्ये बांधलेला आहे. एक, दोन आणि पाच नंबरवर ३.६ आहे. तीन आणि चारवर परवा ताजं ब्लेंडर टाकलं, ते ४.२. आवृत्ती ४.० पासून प्रिन्सिपल्ड शेडर (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारा भाग) नव्याने लिहिला गेला आणि त्यातली शीन, म्हणजे कापडाच्या कडेची ती मखमली चमक, वेगळ्या पद्धतीने काढली जाते. जुनी फाइल उघडते, तक्रार करत नाही, आणि चमक वेगळी येते.

शॉटचा लुक ३.६ वरच मंजूर झालाय, तेव्हा पाचही मशीनवर ३.६, आणि तेही शेवटच्या आकड्यापर्यंत एकच. ब्लेंडरचं फोल्डर शेअरवर ठेवलं आणि तिथूनच सगळ्या विंडोज मशीनवर उतरवलं, म्हणजे कोणाचं वेगळं असण्याचा प्रश्न नको. तीन आणि चारच्या ६७ फ्रेम पुसल्या. ३५ तास.

नॉइज पुसणाऱ्या डीनॉइजरबद्दलही त्याच वेळी ठरवलं: सगळीकडे ओपन इमेज डीनॉइज. मशीनगणिक डीनॉइजर वेगळा ठेवला तर फ्रेमचा पोत बदलतो, आणि असा फरक चालत्या चित्रातच दिसतो.

१० नोव्हेंबर

सकाळी बघते तर धुराच्या शॉटमध्ये धूर नाही. एक नंबरने केलेल्या फ्रेममध्ये आहे, बाकीच्यांच्या स्वच्छ, मोकळ्या.

धुराच्या सिम्युलेशनचा कॅश, म्हणजे मोजून साठवलेली माहिती, 'रीप्ले' पद्धतीवर होता. त्यात टाइमलाइन चालवत जाल तसा धूर साठत जातो. मी बसून चालवला होता, म्हणून तो माझ्या डिस्कवर होता. दुसऱ्या मशीनने एकदम १२० व्या फ्रेमपासून सुरुवात केली की त्याच्याकडे ११९ वी नसते. धुराची प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर उभी असते. हे काम पाच जणांत वाटता येतच नाही, ते एकानेच ओळीने करायचं. पद्धत 'मॉड्युलर' केली, एक नंबरवर बेक (सगळं आधीच मोजून साठवणं) लावला, कॅशची जागा शेअरवर दिली. २३० फ्रेमचा कॅश ४१ जीबी झाला, फ्रेमला १८० एमबीच्या आसपास. परवाची केबल बदलली नसती तर प्रत्येक फ्रेमच्या आधी पंधरा-सोळा सेकंद नुसतं वाचण्यात गेले असते.

११० फ्रेम बाद. सगळी मशीन धरून आठ तासांचं काम.

धुळीच्या कणांचंही तपासलं. ते बेक केलेले होते, पण कॅश ब्लेंड फाइलच्या शेजारच्या फोल्डरात होता आणि मी कॉपी करताना फक्त फाइल उचलली होती. वेळेवर दिसलं.

आजपासून नियम: कोणताही शॉट पूर्ण लावण्याआधी प्रत्येक मशीनवर त्यातली एकच, तीच फ्रेम काढायची आणि पाच चित्रं एकावर एक ठेवून बघायची. अर्धा तास लागतो. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर गुलाबी भिंत, कापड आणि धूर, तिन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी सापडल्या असत्या.

११ नोव्हेंबर

रात्री एकनंतर तीन मशीन गप्प. तीन आणि चार नंबर स्लीपमध्ये गेली. माउस कोणी हलवत नाही, एवढंच विंडोजला कळतं, आत कार्ड तापलंय हे नाही. पाच नंबर अपडेट घेऊन पुन्हा सुरू झाला आणि लॉगिनच्या पडद्यावर थांबून राहिला. स्लीप सगळीकडे बंद, अपडेट १८ तारखेपर्यंत थांबवले, पाच नंबरलाही आपोआप लॉगिन.

लॅपटॉपचं झाकण बंद ठेवलं होतं, जागा वाचावी म्हणून. फ्रेम २६ वरून ४१ मिनिटांवर गेली होती. झाकण उघडलं, खाली दोन ठोकळे देऊन उचलला, २७ वर आला.

१२ नोव्हेंबर

सात नंबरचा शॉट ६ जीबीच्या कार्डांवर बसत नाही. तीन, चार, पाच, तिघंही मेमरी संपल्याचं सांगून पडतात. फ्लेमेन्कोने तीन-तीनदा प्रयत्न करून त्यांना त्या जॉबमधून बाजूला काढलं, हे बरं झालं. नाहीतर रात्रभर तेच दार ठोठावत बसले असते.

शोधलं तर भिंतीमागच्या सामानाला १४ टेक्स्चर, सगळी ८ के, म्हणजे बाजूला आठ हजारांवर पिक्सेल. एक ८ के टेक्स्चर कार्डाच्या मेमरीत २५६ एमबी घेतं, फाइल डिस्कवर कितीही लहान असो. चौदांचे साडेतीन जीबी. कॅमेरा त्या सामानाच्या जवळ कधी जातच नाही. ४ के केल्यावर एक जीबीच्या आत आलं, आणि मोठं करून बघूनही फरक दिसला नाही. तिन्ही मशीन पुन्हा कामाला लागली. हे मी प्रोजेक्ट बांधतानाच करायला हवं होतं. मोठ्या कार्डावर काम करताना अशा उधळपट्टीची किंमत दिसत नाही.

दुपारी पाचही मशीनची वीज मोजली, भिंतीपाशी मीटर लावून: ४३०, ३४०, २६०, २६०, १४० वॅट, आणि साठवण मशीन ६०. म्हणजे दीड किलोवॅट सतत, आणि हे सगळं एकाच सॉकेटच्या एका पट्टीवर लावलेलं होतं. पट्टीचा प्लग हाताला चटका देत होता. लगेच काम थांबवून दोन वेगळ्या लायनींवर विभागणी केली. दहा मिनिटांचं काम, आणि या सगळ्या नोंदींतलं सगळ्यात महत्त्वाचं. रात्रभर कोणी जागं नसताना चालणारं हे प्रकरण आहे.

१३ नोव्हेंबर

काही बिघडलं नाही. सहा तास एक नंबर माझ्या कामाला घेतला, बाकी चार चालत राहिले. १९४ फ्रेम.

१४ नोव्हेंबर

साठवण मशीनची डिस्क भरली. धुराचा कॅश, मूळ फुटेज, बाद फ्रेम 'असू देत' म्हणून ठेवलेलं एक फोल्डर, आणि प्रत्येक बदलाआधी घेतलेली प्रोजेक्टची प्रत. पहाटे चारच्या सुमारास जागा संपली आणि त्यानंतरच्या काही फ्रेम अर्ध्याच लिहिल्या गेल्या.

अर्धी फाइल ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही. ईएक्सआरची माहिती फाइलच्या डोक्यात असते. 'उघडते का' एवढंच तपासलं तर अर्धी फाइलही उघडते, रुंदी-उंची नीट सांगते, आणि खालचा भाग काळा निघतो. म्हणून तपासणीची छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती तीन गोष्टी बघते: क्रमांकांत फट आहे का, फाइलचा आकार शेजारच्या फ्रेमच्या मानाने फारच कमी आहे का, आणि शेवटच्या ओळीपर्यंत पिक्सेल वाचता येतात का. पूर्ण झालेल्या सगळ्या शॉटवर चालवली. २३ फ्रेम सापडल्या, त्यातल्या २१ आज पहाटेच्या. उरलेल्या दोन ११ तारखेच्या, पाच नंबर पुन्हा सुरू झाला तेव्हाच्या. त्या माझ्या नजरेतून सुटल्या होत्या.

आता दर सकाळी चहाच्या आधी ही स्क्रिप्ट चालते.

१६ नोव्हेंबर

सकाळी थ्रीडीची शेवटची फ्रेम आली. सुरू केल्यापासून साडेआठ दिवस. कागदावरच्या १५९ तासांच्या जागी, थांबलेला वेळ सोडून, १९० तास.

आता आफ्टर इफेक्ट्स. फ्रेमला २० सेकंद, एका मशीनवर १२ तास. तीन मशीनवर वाटलं: एक, तीन, चार. लिनक्सवर ते चालतच नाही, लॅपटॉप सहकाऱ्याला हवा होता. नुसत्या रेंडरसाठी प्रत्येक मशीनवर वेगळं लायसन्स वापरावं लागत नाही. 'एई रेंडर ओन्ली नोड' या नावाची रिकामी टेक्स्ट फाइल, शब्दांच्या मधे अंडरस्कोअर देऊन, कागदपत्रांच्या फोल्डरात ठेवली की आफ्टर इफेक्ट्स रेंडरपुरता उघडतो. बाहेरचे प्लगइन मात्र ज्याचे त्याचे बघावे लागतात.

आफ्टर इफेक्ट्सची स्वतःची 'वॉच फोल्डर' नावाची सोय आहे, आणि तीही शेअरवर काय आहे नि काय नाही हे बघूनच चालते. तीन आणि चार नंबरचा अनुभव ताजा असल्याने मी तिच्या वाटेला गेले नाही. आफ्टर इफेक्ट्सच्या, कमांड लाइनवरून चालणाऱ्या एरेंडर या प्रोग्रॅमला प्रत्येक मशीनसाठी सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम हाताने दिली, वेगाच्या प्रमाणात. एक नंबरला निम्म्या, उरलेल्या दोघांत.

तीन अडचणी आल्या. शीर्षकाचा फॉन्ट तीन नंबरवर नव्हता, तर दुसराच फॉन्ट बसवून तो पुढे निघाला. 'कलेक्ट फाइल्स' फुटेज गोळा करतं, फॉन्ट नाही. दुसरी, मूळ फुटेज कॅमेऱ्यातून आलेलं एच.२६४. त्यात बऱ्याच फ्रेम शेजारच्या फ्रेमवर अवलंबून असतात, म्हणून मधलीच एखादी हवी असली तरी मागच्या अनेक उलगडाव्या लागतात, तेही नेटवर्कवरून. फुटेज प्रोरेसमध्ये, जिथे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, बदलून घेतलं, फ्रेम २० वरून १३ सेकंदांवर आली. तिसरी, सहकाऱ्याने ठिणग्यांचा एक कणांचा इफेक्ट आफ्टर इफेक्ट्समध्येच केला होता. चार नंबरला शॉटचा शेवटचा तुकडा दिला होता, त्याची पहिली फ्रेम निघायला ११ मिनिटं लागली, कारण ठिणग्या पहिल्या फ्रेमपासून मोजत याव्या लागतात. धुराचाच प्रकार. तो थर एक नंबरवर वेगळा, अल्फासकट (पारदर्शकतेच्या माहितीसकट) रेंडर करून घेतला आणि प्रोजेक्टमध्ये इफेक्टच्या जागी ती फ्रेमची माळ लावली.

१८ नोव्हेंबर

सगळ्या फ्रेम जोडून, आवाज लावून पहिला पूर्ण व्हिडिओ केला. शेवटाकडे भिंत कोसळते आणि तिचा आवाज साडेतीन सेकंदांनी येतो.

पोटात गोळा आला. वाटलं, कुठेतरी फ्रेम गहाळ आहेत. स्क्रिप्ट दोनदा चालवली: २१६०, एकही कमी नाही. मग व्हिडिओची लांबी वाचली: ८६.४ सेकंद. २१६० भागिले २५. एफएफएमपेग या फ्रेम जोडून व्हिडिओ करणाऱ्या प्रोग्रॅमला सुट्या फ्रेम देताना वेग सांगितला नाही तर तो २५ धरतो. वेग इनपुटच्या आधी लिहायचा असतो, मी तो नंतर लिहिला होता, तो आउटपुटचा धरला गेला. दुरुस्त केल्यावर ९० सेकंद, आवाज जागेवर.

आमच्या फ्रेमचे क्रमांक १००१ पासून सुरू होतात, इफेक्ट्सच्या कामात तशी पद्धत आहे. एफएफएमपेग आपणहून फक्त ० ते ४ मध्येच पहिली फ्रेम शोधतो, म्हणून सुरुवातीचा क्रमांक त्यालाही सांगावा लागतो. हे मात्र त्याने स्वतःच अडून दाखवलं, गपचूप काही केलं नाही.

१९ नोव्हेंबर

हिशेब. बाद झालेल्या थ्रीडी फ्रेम: दोनदा केलेल्या १९, चुकीच्या आवृत्तीच्या ६७, धुराविना ११०, अर्धवट २३. मिळून २१९, म्हणजे कामाचा दहावा हिस्सा. एकही मशीन खराब नव्हतं. आवृत्तीच्या आणि धुराच्या १७७ फ्रेम या एका मशीनला जे दिसत होतं ते दुसऱ्याला दिसत नव्हतं म्हणून गेल्या.

वीज १९० तासांत २८० युनिटच्या आसपास. एकट्या एक नंबरने सगळं केलं असतं तर २१७ युनिटमध्ये झालं असतं, फक्त तारीख गेली असती. जुनी मशीन कमी वॅट खातात पण फ्रेमला दुप्पट वेळ घेतात. एक नंबरची फ्रेम ०.१० युनिटला पडली, तीन आणि चारची ०.१३ ला. घाई नसेल तर ती दोन बंद ठेवलेली बरी.

संध्याकाळी दोघांनी मोठ्या पडद्यावर पुन्हा एकदा पूर्ण बघितलं. पाचव्या शॉटमध्ये १३४४ ते १३४६ या तीन फ्रेमवर धुळीचा एक ठिपका उडी मारतो. कोणत्या मशीनने केल्या ते वाचलं: पाच नंबर, ११ तारीख, पहाटे. दोन नंबरला पुन्हा लावल्यात. तासाभरात येतील, मग तेवढ्याच तीन जोडून पाठवते.